अंकिताची आई मुंबईला असते

पाखर, महाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा हिला मोठ्या बाईंचे आशीर्वाद. बाळाच्या गालाला माझ्या वतीने हात लाव, आधी धुऊन.

तू बाळाला घेऊन कराडला माहेरी जाताना बजावलंस की बाई, फोन नको, फोन वाजला की हा उठतो. त्यापेक्षा पत्र लिहा, तुमचं अक्षर किती सुंदर आहे. निवृत्त मुख्याध्यापिकेच्या अक्षराचं कौतुक केलं की तिच्याकडून काहीही करून घेता येतं, हे तुला बरोबर कळलंय. म्हणून हे पत्र. सोबत मैनाने पाखरच्या स्वयंपाकघरात केलेले डिंकाचे लाडू आहेत. तुझ्या आईने केलेले असतीलच, तरी आमचेही खा. कराडच्या लोकांना डिंक तळता येत नाही असं मैनाचं मत आहे आणि ते मत बदलायला मी गेले नाही.

पाखरचं आणि आपल्या पोरक्या मुलांचं ठीक चाललंय. दोनदा रंग देऊनही भिंतीवरची पुराची रेघ परत वर आली आहे. मुलांनी तिच्यावर खडूने मासे काढलेत, तेव्हा आता राहू दे म्हटलं. हर्षद चपला काढून झोपायला लागला. आधी दोन रात्री काढून उशाला घेतल्या, नंतर दाराशी ठेवल्या. दरड आली तर पळता यावं म्हणून पायात चपला घालून झोपणारा मुलगा, आणि त्याच्या चपला दाराशी. मी मैनाला म्हटलं, हे समीक्षाचं काम. मैना म्हणाली, माझंपण. तेही खरंच आहे.

ट्रस्टची सभा झाली. नेहमीप्रमाणे भरतशेठच्या मेडिकलच्या मागच्या खोलीत, सलाइनच्या खोक्यांवर बसून. अंकिताचे चुलते महिपतराव मुंबईहून व्हिडिओ फोनवर होते. त्यांचा फोन खोकल्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता, तो सारखा घसरत होता आणि अध्यक्ष भरतशेठ दर वेळी "सेक्रेटरी पडले" म्हणून त्यांना उचलून ठेवत होते. तू असतीस तर हसली असतीस. आम्ही तिघे म्हणजे एक औषधवाला, एक मास्तरीण आणि दरडीखाली गेलेल्या करंजकोंडाच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. मुलांच्या मनातलं आम्हाला काय कळतं? कळतं ते एवढंच की तू सांगितलेलं ऐकायचं.

आता अंकिता. पोरगी बोलते आहे गं. आमटी वाढायच्या पळीवरून हर्षदशी भांडली. "माजी पाळी हाय, सोड." पहिलं वर्षभर जिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही ती अशी भांडताना ऐकून मी आणि मैना मुद्दाम मध्ये पडलो नाही. दिवाळीत मात्र तिचा नेम चुकला नाही. मुंबईच्या गाड्या यायला लागल्या तशी मैनाचा हात धरून फाट्यावर गेली आणि प्रत्येक गाडीतून उतरणारं माणूस न् माणूस बघत उभी राहिली. परत येताना म्हणाली, "शिमग्याला येल."

तू सांगितलंस तसंच आम्ही वागतो. तिने विचारलं तर खरं सांगायचं. विचारत नाही तोवर तिचं वाट बघणं तिच्याजवळ राहू द्यायचं. करंजकोंडात ज्याच्या त्याच्या घरचं कोणी ना कोणी मुंबईला असतं आणि सणाला येतं, तेव्हा जे माणूस दिसत नाही ते मुंबईला आहे, हा तिचा हिशेब. बापाला उचलून नेताना तिने पाहिलं, म्हणून बाप गेला. आई कोणाला सापडलीच नाही, म्हणून आई मुंबईला. मला आधी हे पटत नव्हतं, तुला माहीत आहे. पण परवा भाकरी खाता खाता मैनाला विचारते, "मुंबईला डोंगर नाय ना? मंग तिथली माणसं कशी मरतात?" मला वाटतं ती विचारायच्या जवळ आली आहे. तू हवी होतीस.

सभेत महिपतरावांनी गावाचा एक विषय काढला. तो सावकाश लिहीन. तू त्याची काळजी करू नकोस. समीक्षा परत येईपर्यंत अंकिताच्या बाबतीत कशालाही हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलंय.

बाळाला थंडीत जपा. कानटोपी नाकापर्यंत ओढू नका, त्यालाही जग बघू दे.

तुझी,
मोठ्या बाई


पाखर, महाड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा,

आशीर्वाद. बारशाचा फोटो पोचला. बाळ तुझ्यावर गेलंय, कपाळावर आठी घेऊनच जन्माला आलेलं दिसतंय. नाव छान आहे, फक्त त्यात जोडाक्षर आहे. पहिलीत रडेल, तेव्हा माझ्याकडे पाठव.

जानेवारीत पत्र झालं नाही. एक तर आमच्या नात्यात लग्न होतं, आणि दुसरं म्हणजे तो विषय. तो आता लिहिते.

तुला माहीत आहे, करंजकोंडातली काही माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत. डोंगर उकरून उकरून सगळे थकले आणि मग शोध थांबवला. त्यांची क्रिया राहिली ती राहिलीच. तेव्हापासून शिमग्याला देवाची पालखी नव्या वसाहतीत जात नाही. जुनी माणसं म्हणतात, आपली माणसं अर्ध्यात असताना देव दारात कसा नाचवायचा? नव्या घरांत अजून एक लग्न लागलेलं नाही. हे मला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता आलं असतं, पण महिपतराव फोनवर म्हणाले, "बाई, देव उंबऱ्याशी येत नाय ते घर कसलं? आमी तिथं नुसते राहातो." माणूस कधी आवाज चढवत नाही, आणि त्या दिवशी त्याचा आवाज फुटला.

भटजींनी सांगितलं, दर्भाचे पुतळे करून त्यांना अग्नी देता येतो. पौष अमावास्येला, करंजकोंडाखाली नदीच्या कडेला, सगळ्यांचं एकदम. आम्ही ट्रस्टने म्हटलं की करूया, मांडव आणि गाड्यांचं आम्ही बघतो. मुलांनाही एक शेवट लागतो, नाही का? तूच म्हणायचीस, निरोप घेता आला नाही की माणूस अडकून पडतं.

अंकिताच्या आईला, सारिकाला, अग्नी कोण देणार यावर महिपतराव म्हणाले, आमचा मुलगा देईल. मी म्हटलं, का? तिची मुलगी आहे ना? या महाडच्या तळ्याचं पाणी प्यायलेली बाई मी, मुलगी म्हणून तिला बाजूला बसवलेलं मला चालणार नाही. मग खोकल्याच्या बाटलीला टेकलेल्या फोनमध्ये महिपतरावांचा हात वर झालेला दिसला. भरतशेठचा आधीच वर होता. ठराव एकमताने झाला.

तुला आधी का विचारलं नाही, हे तू म्हणणारच. ओल्या बाळंतिणीला काय काय विचारायचं? तुझं दूध आटलं असतं तर तुझ्या आईने मला सोडलं नसतं. शिवाय हे समुपदेशन नव्हतंच, गावाचं कार्य होतं.

कार्य नीट पार पडलं. नदीला पाणी थोडंच होतं, पण वाहतं होतं. मुंबईहून बस भरून माणसं आली होती. पुतळे रांगेने ठेवले होते. सारिकाचा पुतळा साडीत होता, महिपतरावांनी मुंबईहून साडी आणली होती. अंकिताने अग्नी दिला. रडली नाही, एकदाही नाही. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. इथल्या पेपरात फोटो आला आहे, त्याचं कात्रण सोबत आहे. त्यात मी मागे डोळे मिटलेली आले आहे, ते बघू नकोस.

त्यानंतर जरा गप्प आहे, पण ते व्हायचंच. मैना म्हणते, स्वयंपाकघरात पाय टाकत नाही, गॅस पेटला की अंगणात जाऊन बसते. मैनाला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. आता पळीवरून भांडण नाही, वाढलेलं निमूट घेते आणि बरंचसं तसंच ठेवते. मी तिला सध्या काही बोलत नाही.

शिमग्याला पालखी वसाहतीत येणार हे पक्कं झालं. सगळे तुझी आठवण काढतात. अमृतवेलीचा काढा घेतेस ना?

तुझी,
मोठ्या बाई


महाड
२४ मार्च २०२५

प्रिय समीक्षा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, आणि त्यातल्या एका ओळीत दोन प्रश्न: साडी कुणाची होती? आणि अंकिताने ती ओळखली का?

तू कागदावर बोट कुठे ठेवलंस हे मला कळलं. उत्तर देते. आधी पालखीचं सांगते, कारण तेही सांगायला हवं.

पालखी आली. सरकारी घरांच्या त्या सरळ रांगेत, जिथे आजवर कधी ढोल वाजला नव्हता, तिथे दारोदार नाचली. ठकूबाई तुला आठवते ना, काठीशिवाय दोन पावलं न चालणारी? तिने काठी टाकली आणि पालखीला खांदा लावायला निघाली. चार माणसांनी तिला धरलं. महिपतराव सगळ्यांदेखत माझ्या पाया पडले. "बाई, तुमच्यामुळं देव घरात आला." मी त्यांना उठवलं. मला तेव्हा तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं, कारण आदल्या दिवशी जे झालं ते मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी मुंबईच्या गाड्या आल्या. मी पाखरमध्येच होते. मैनाने चप्पल घातली आणि अंकिताला हाक मारली, चल गो, फाट्यावर जाऊ. अंकिता जागची उठली नाही. भिंतीवरच्या खडूच्या माशाला बोटाने गिरवत होती. मी म्हटलं, का गं, नाही जायचं?

ती म्हणाली, "आता कोन येयाचं राह्यलंय?"

मी म्हटलं, म्हणजे?

"आई आली व्हती ना. तुमी सगळ्यांनी आनली व्हती नदीवर. साडी नेसून आली व्हती. मी जाळली."

समीक्षा, तिने हे रडून सांगितलं नाही. शाळेत काय झालं ते सांगावं तसं सांगितलं. मैना दारात चप्पल घालून उभी होती ती तशीच उभी राहिली. मी म्हटलं, अगं, ते गवत होतं, दर्भ होता, भटजींनी बांधला, तू पाहिलास ना? तिने मान हलवली. मोठी माणसं काही सांगायला लागली की ती मान हलवते तशी. आणि परत मासा गिरवायला लागली.

आता साडी. साडी सारिकाची होती. पाखरमध्ये अंकिताच्या कॉटवर जो एकच फोटो आहे, महिपतरावांच्या मुलीच्या लग्नातला, त्यातली. हिरवी, पिवळ्या काठाची. लग्नाहून परतताना ती सुटलेला फॉल लावायला म्हणून जावेकडे राहिली ती मुंबईलाच राहून गेली. मागच्या पत्रात मी लिहिलं की महिपतरावांनी आणली. आणली त्यांनी, पण आणायला मी सांगितलं. त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. त्यांच्याकडे नवी साडी घेऊन ठेवलेली होती. मी फोन करून म्हटलं, नवी नको, तीच आणा.

का, ते तुला समजेल की नाही कोण जाणे. मी आयुष्यभर मुलांना प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवलं. भाताचा धडा असला की वर्गात रोप, किल्ल्याचा असला की मातीचा किल्ला. फळ्यावर लिहून मुलाच्या डोक्यात काही जात नाही, हातात दिलं की जातं, यावर माझी सगळी नोकरी उभी आहे. मला वाटलं, गवताच्या पेंढीला ही पोर आई कशी म्हणेल? निरोप कोणाला देईल? तिला ओळख पटली पाहिजे. म्हणून ती साडी. आणि ती नेसवली मी. भटजी नुसती गुंडाळणार होते. मी म्हटलं, द्या इकडे. मी निऱ्या घातल्या, पदर डोक्यावरून घेतला. निऱ्या चांगल्या आल्या होत्या. शेजारची बाई म्हणाली, अगदी सारिका.

तुझा दुसरा प्रश्न. हो, ओळखली.

तिला जवळ आणलं तेव्हा ती हसली. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. ती दोन पावलं पळत पुढे आली आणि हसली. मला वाटलं, ओळख पटली, धडा बसला. मी इतकी खूश झाले होते समीक्षा, की तिच्याकडे बघत राहावं हेही मला सुचलं नाही. भटजींनी पेटती काडी तिच्या हातात दिली. तिने आधी काडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. फळ्यासमोर अडलेलं मूल बाईंकडे बघतं तसं. आणि मी मान डोलावली. हां, कर, बरोबर आहे.

तिने केलं. बाईंनी सांगितलं म्हणून केलं.

ती जेवत नाही. जेवते म्हणजे मैनाने मागे लागून चार घास. आगपेटी वाजली तरी कानावर हात घेते. शाळेत बाकावर हात मांडीखाली दाबून बसते, लिहीत नाही. हर्षदने तिला ढोल बघायला ओढलं तर त्याला चावली.

मी काय करू ते सांग. रागावायचं असेल तर रागाव, पण खाली एक ओळ काय करायचं त्याची लिही. तू म्हणशील तेच करीन, एक शब्द जास्त बोलणार नाही.

ललिताबाई


महाड
९ जून २०२५

प्रिय समीक्षा,

तू लिहिलेलं सगळं केलं. म्हणजे एक सोडून सगळं, आणि ते एक सांगायलाच हे पत्र आहे.

तू पाखरला परत येणार नाहीस हे वाचलं. भरतशेठ म्हणाले, समजूत घालूया. मी म्हटलं, नाही. तू तीन वर्षं एकेक वीट रचून जे उभं केलंस ते आम्ही सभा भरवून पाडलं, तेही एकमताने. आता तिथे परत येऊन काय करणार, हे तुला विचारायचा हक्क आम्हाला नाही. कराडमध्येच नोकरी मिळाली हे बरं झालं. बाळ जवळ राहील.

पुण्याच्या डॉक्टरांकडे अंकिताला दोनदा नेलं. भले गृहस्थ आहेत. औषध दिलं, त्याने झोप लागते, जरा जास्तच लागते. दर आठवड्याला आणा म्हणाले. इथून पुण्याला दर आठवड्याला गाडीत बसवायचं, तर वरंध घाटात तिने डोंगर पाहिला की ती सीटखाली जाऊन बसते. तिसऱ्यांदा नेता आलं नाही.

तू लिहिलं होतंस, समजावू नका. पुरावे देऊ नका. जवळ बसा, आणि विचारलं तर जेवढं विचारेल तेवढंच खरं सांगा. मी बसत होते. मे महिनाभर रोज दुपारी तिच्या कॉटजवळ भाजी निवडत बसत होते, आणि ती मला बसू देत होती. एकदा शेंगा सोलायला हातही लावला. मी मैनाकडे पाहिलंसुद्धा नाही, कौतुक केलं तर उठून जाईल म्हणून. मला आशा वाटायला लागली होती. ती लिहायलाही आता लाज वाटते.

एका दुपारी तिने विचारलं, "मोठ्या बाय, तुमची आई कुटं हाय?"

मी म्हटलं, वारली.

"तिला कोनी जाळली?"

मी म्हटलं, माझ्या भावाने.

तिने एक शेंग सोलली. "त्याला कोन काय बोल्लं नाय?"

नाही म्हटलं, कोणी काही नाही बोललं. माणूस गेल्यावर कोणीतरी अग्नी द्यावाच लागतो.

इथे मी थांबायला हवं होतं. तिने एवढंच विचारलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून मला राहवलं नाही. एवढ्याशा जीवाने ते ओझं एकटीने का वाहावं, माझं माझ्याकडे द्यावं, असं वाटलं. मी म्हटलं, अंकिता, तू काही केलं नाहीस. त्यात तुझी आई नव्हती. ते गवत मी साडीत बांधलं होतं. साडी मी मागवली, मीच नेसवली, निऱ्यासुद्धा मीच घातल्या. काय चुकलं असेल ते माझं.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमी नेसवली?"

हो.

"मंग तुमाला म्हाईत व्हतं."

काय माहीत होतं?

"आत आई हाय ते."

ती उठली आणि मैनाजवळ जाऊन उभी राहिली, तिच्या मागे. त्या दिवसापासून मी खोलीत असले की ती जेवत नाही. मी ओसरीवर असले तरी नाही. मैना आधी मला सांगेना, मग एक दिवस दारातच म्हणाली, "बाय, तुमी आता येऊ नका गो. रागावून नाय म्हनत." मी तेव्हापासून जात नाही.

मी राजीनामा दिला. तो घेतला नाही. भरतशेठ म्हणाले, बाई, नवा माणूस मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर आता कोणी मिळायचंही नाही. तेव्हा मी अजून विश्वस्त आहे. महिन्यातून एकदा औषधांच्या खोक्यांवर बसते, तांदळाचं, शाळेच्या गणवेशांचं ठरवते, सही करते आणि पाखरच्या गल्लीत न वळता घरी येते. मैना सांगते, हर्षद परत चपला घालून झोपतो.

महिपतरावांनी अंकिताला मुंबईला न्यायचं ठरवलं. फोनवर नाही, स्वतः आले. "घरात माणसं हायत बाई, पोरं हायत. रमेल." त्यांनाही ते खरं वाटत नव्हतं. त्यांच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं आहेत, तिथे गॅस पेटवायचा झाला तर ती कोणत्या अंगणात जाऊन बसणार, हे त्यांनाही दिसत होतं. पण इथे राहून ती रोज वाळते आहे हेही दिसत होतं. आमच्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा भरतशेठ रडले. मी हात वर केला. हात वर करायला आता कोणी मला सांगूही नये.

काल ती गेली. गाडी फाट्यावरच थांबते, जिथे ती दर सणाला उभी राहायची. मी समोरच्या बाजूला दुकानाच्या आडोशाला होते, तिने निमूट चढावं म्हणून. इतकी वर्षं मुंबईहून आलेल्या गाड्या बघणारी पोर मुंबईला जाणाऱ्या गाडीत चढली, समीक्षा, आणि मैना सांगते, तिने कोणालाच विचारलं नाही की तिथे कोण आहे. खिडकी दिली होती, तर उठून आतल्या सीटवर बसली.

निघताना मैनाने तिच्या पिशवीत आईचा फोटो घालायला घेतला. तिने तो काढून परत मैनाच्या हातात दिला. मैना म्हणाली, गो, घे, तुजी आई हाय. तर म्हणाली, "माज्याजवळ नको. जळंल."

तो फोटो मैनाने मला आणून दिला, दुसरं कोणाकडे द्यायचा ते तिला सुचेना. मी तो घरात ठेवू शकत नाही. या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवते. मोठी झाल्यावर कधी तिला आईचा चेहरा बघावासा वाटला, तर ती तुला शोधेल. मला शोधणार नाही, आणि तेच बरोबर आहे. जपून ठेव. पेपराचं कात्रण मी पाठवलं होतं ते मात्र फाडून टाक.

फोटोत सारिका लग्नाच्या मांडवात उभी आहे, हसते आहे. साडी तीच. निऱ्या तिच्या तिने घातल्या आहेत, थोड्या तिरप्या आल्या आहेत. मी घातलेल्या सरळ होत्या.

पत्र पोचल्याचं कळवू नकोस. आणि मला बाई म्हणू नकोस.

ललिता